‘आपलाच आहे, जाऊ दे!’ : मॅकार्थी, मार्गारेट आणि घडीची खुर्ची



ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचं नेटवर्क घाटात गेलं की दम तोडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. मी जिथे अडखळलो, पाणी प्यायलो, ते काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आज आपल्याला अमेरिकेत जायचंय, १९५० सालात. पण त्याआधी दोन मिनिटं आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या.

मागच्या निवडणुकीच्या वेळची गोष्ट. ग्रुपवर साठेक माणसं. माझी मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिने एका नेत्याच्या भाषणाबद्दल दोन ओळी लिहिल्या: कोणत्याही पक्षाचा असो, बायकांबद्दल असं बोलू नये. एवढंच. त्यावर माझ्या एका मावसभावाने, आपण त्याला नुसतं दादा म्हणू, आधी विचारलं की तुला किती पैसे मिळाले. मग तिच्या फोटोवर समोरच्या पक्षाचं उपरणं चिकटवून तो फोटो ग्रुपवर टाकला. खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. मावशी रात्री ग्रुपमधून बाहेर पडली. ‘लेफ्ट’ अशी ती बारीक राखाडी ओळ दिसली आणि पाच मिनिटांनी कुणीतरी गुड नाइटचा फोटो टाकला.

मी काय केलं? मी एक वाक्य टाईप केलं आणि खोडलं. कारण दादा ज्या पक्षाचा, त्याच पक्षाला मी मत देणार होतो. मनात म्हटलं, आपलाच आहे, जाऊ दे. आत्ता त्याला बोललो तर समोरच्यांना कोलीत मिळेल.

हे ‘आपलाच आहे, जाऊ दे’ वाक्य आजच्या भागाचा विषय आहे. या एका वाक्यावर एका माणसाने अख्ख्या अमेरिकेला साडेचार वर्षं वेठीला धरलं होतं.

दोनच दुकानं का?

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत दोनच मोठे पक्ष आहेत, डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन. हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. संविधानात तर पक्ष हा शब्दच नाही. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ साली निरोपाच्या संदेशात पक्षीय भांडणांपासून सावध राहायला सांगितलं होतं. मग दोन पक्ष आले कुठून?

उत्तर मोजणीत आहे. एका जागेसाठी सगळ्यात जास्त मतं ज्याला, तो जिंकला, बाकीच्यांची मतं वाया. तिसरा माणूस उभा राहिला की तो बहुतेक वेळा स्वतःला जवळच्या पक्षाचीच मतं खातो आणि दूरचा पक्ष निवडून येतो. १९१२ साली हेच झालं. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन पक्षातून फुटून वेगळे लढले. त्यांना २७ टक्के मतं, रिपब्लिकन टाफ्ट यांना २३ टक्के. दोघांची बेरीज ५० टक्के होते. पण अध्यक्ष झाले डेमोक्रॅटिक वुड्रो विल्सन, ४२ टक्क्यांवर. पुढे १९९२ साली रॉस पेरो हा उद्योगपती अपक्ष उभा राहिला. जवळजवळ १९ टक्के मतं घेतली, म्हणजे साधारण पाचातला एक मतदार. पण तिथे राज्यवार जी निवडमंडळाची मतं मोजतात त्यातलं एकही मत त्याला मिळालं नाही. शून्य.

मॉरिस दुव्हर्जे नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९५०च्या आसपास हे नीट मांडलं की अशा मोजणीतून हळूहळू दोनच पक्ष उरतात. आपल्याकडेही मोजणी हीच आहे, तरी पक्ष भरपूर आहेत, कारण आपली प्रत्येक राज्याची गणितं वेगळी. पण वॉर्डात, गावात, घरात बघा. शेवटी प्रश्न तोच येतो: तू आमचा की त्यांचा?

आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो की सिस्टिममध्ये दोनच पर्याय ठेवले तर लोक पर्याय निवडत नाहीत, नको तो टाळतात. दोन पक्षांच्या देशात असंच होतं. माझा पक्ष मला आवडतो म्हणून मी त्याच्याबरोबर नसतो, समोरचा नको म्हणून असतो. आणि एकदा हे झालं की आपल्या पक्षातल्या गुंडाला काहीही माफ असतं.

हातात कागद, आत काहीच नाही

आता १९५०. काळ कसा होता ते लक्षात घ्या. १९४९च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रशियाने अणुबॉम्बची चाचणी केली. ऑक्टोबरमध्ये चीनमध्ये माओची सत्ता आली. १९५०च्या जानेवारीत अल्जर हिस हा परराष्ट्र खात्यातला माजी अधिकारी खोटी साक्ष दिल्याबद्दल दोषी ठरला. प्रकरण हेरगिरीचं होतं. लोक खरंच घाबरले होते. आणि भीती नुसती रिपब्लिकनांनी पेरली असंही नाही. सरकारी नोकरांची निष्ठा तपासायची योजना १९४७ साली डेमोक्रॅटिक अध्यक्ष ट्रुमन यांनीच सुरू केली होती.

९ फेब्रुवारी १९५०. वेस्ट व्हर्जिनियातलं व्हीलिंग नावाचं गाव. रिपब्लिकन महिला मंडळाचा कार्यक्रम. वक्ता होता विस्कॉन्सिन राज्याचा सिनेटर जोसेफ मॅकार्थी, वय ४१, तोपर्यंत फारसं कुणी विचारत नसलेला. त्याने सांगितलं की परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी माझ्याकडे आहे. तिथल्या बातमीत आकडा आला २०५. पुढच्या काही दिवसांत तो ५७ झाला. सिनेटमध्ये बोलताना ८१ प्रकरणं झाली. आकडा बदलत राहिला, यादी कुणी पाहिली नाही.

मग पक्षाने त्याला थांबवायला नको होतं का? थांबवायला हवं होतं. पण रिपब्लिकन पक्ष तेव्हा १७ वर्षं राष्ट्राध्यक्षपदाबाहेर होता. १९४८ साली ते जिंकणार असं सगळे म्हणत होते, आणि हरले. इतक्या वर्षांच्या उपाशी पक्षाला अचानक एक माणूस सापडला ज्याच्या बोलण्याने रोज डेमोक्रॅट अडचणीत येत होते. खरं की खोटं, कोण बघतो? पक्षातल्या सभ्य लोकांना तो आवडत नव्हता. पण त्याच्यामुळे होणारा फायदा आवडत होता.

स्कोहीगनची बाई

आता आपल्या नायिकेची एन्ट्री. मार्गारेट चेस स्मिथ. जन्म १८९७, मेन राज्यातलं स्कोहीगन गाव. वडील न्हावी. कॉलेजचं शिक्षण नाही. शाळेत शिकवलं, टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली, वर्तमानपत्रात काम केलं. नवरा क्लाइड स्मिथ खासदार होता. १९४० साली तो वारल्यावर त्या जागेवर ती निवडून आली. १९४८ साली सिनेटवर निवडून गेली. अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांत बसलेली ती पहिली बाई. १९५० साली ९६ जणांच्या सिनेटमध्ये एकटी बाई.

आणि ती रिपब्लिकन होती. पक्की रिपब्लिकन, पक्की कम्युनिस्टविरोधी. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट यावर उभी आहे.

सुरुवातीला तिला वाटलं, मॅकार्थी म्हणतोय त्यात तथ्य असेल. म्हणून तिने ते केलं जे आपण फॉरवर्ड आल्यावर करत नाही: पुरावा मागितला. त्याने कागद दाखवले. तिने वाचले. त्या कागदांचा आणि आरोपांचा मेळ बसेना. तिला आधी वाटलं, मी वकील नाही म्हणून मला कळत नसेल. तिने पुन्हा विचारलं, वाट पाहिली. दरम्यान लोकांची नावं उघडपणे घेतली जात होती, आणि सिनेटमध्ये बोललेल्या शब्दावर खटला भरता येत नसल्याने त्या लोकांना दाद मागायलाही जागा नव्हती. मोठे, अनुभवी सिनेटर गप्प होते. ती तर पहिल्याच टर्मला होती, सगळ्यात मागच्या बाकांवरची. तिने वाट पाहिली की कुणीतरी मोठा माणूस बोलेल. कुणीच बोललं नाही.

१ जून १९५०. भाषणाला जाताना सिनेटच्या भुयारी रेल्वेपाशी तिला खुद्द मॅकार्थी भेटला. तू आज गंभीर दिसतेस, भाषण करणार आहेस का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, हो, आणि तुला ते आवडणार नाही. त्याने हसत हसत उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी विस्कॉन्सिनच्या मतांचा विषय काढला. म्हणजे लाडीगोडीत दिलेला इशारा! आपल्याकडे म्हणतात ना, ‘बघा बुवा, तिकिटाचं तुमचंच आहे’. तसं.

भाषण जेमतेम १५ मिनिटांचं. तिने मॅकार्थीचं नाव एकदाही घेतलं नाही. नाव घ्यायची गरज नव्हती, तो तिच्या मागेच बसला होता. ती म्हणाली की सिनेट ही चारित्र्यहननाची जागा झालीय. टीका करण्याचा, लोकांना न आवडणारी मतं बाळगण्याचा, निषेध करण्याचा आणि स्वतंत्र विचार करण्याचा हक्क ही अमेरिकेची मूळ तत्त्वं आहेत, आणि ती वापरली म्हणून कुणाची नोकरी किंवा अब्रू जाऊ नये.

त्याच भाषणात तिने ट्रुमन सरकारलाही सोडलं नाही. डेमोक्रॅट सरकार दिशाहीन आहे, ते जायला हवं, असं ती स्पष्ट म्हणाली. पण माझ्या पक्षाने भीती, अज्ञान, कट्टरपणा आणि बदनामी या चार घोड्यांवर बसून सत्तेत यावं हे मला मान्य नाही. मतलब असा: मला माझा पक्ष जिंकायला हवाय, पण असा नाही.

सहा रिपब्लिकन सिनेटरांनी तिच्या निवेदनावर सह्या केल्या. त्यातला एक होता ओरेगनचा वेन मोर्स. हे नाव लक्षात ठेवा.

बोलण्याची किंमत

सिनेमात यानंतर टाळ्या वाजल्या असत्या. प्रत्यक्षात मॅकार्थी काही न बोलता उठून गेला, आणि नंतर या सात जणांना त्याने ‘स्नो व्हाइट आणि सहा बुटके’ असं नाव ठेवलं. बाईला परीकथेतली बाहुली केलं, पुरुषांना बुटके केलं. युक्तिवाद शून्य, टोपणनाव तयार. ट्रोलिंगला इंटरनेट लागत नाही हो.

त्याच महिन्यात, २५ जूनला, कोरियाचं युद्ध सुरू झालं. तिचं भाषण मागे पडलं. मॅकार्थी आणखी मोठा झाला. १९५१च्या सुरुवातीला त्याने तिला चौकशी उपसमितीवरून काढलं आणि तिची जागा नव्याने निवडून आलेल्या एका तरुण सिनेटरला दिली. त्याचं नाव रिचर्ड निक्सन. होय, तोच.

बोलणाऱ्या डेमोक्रॅटांचं काय झालं? मेरीलँडचे मिलार्ड टायडिंग्ज १९२७पासून सिनेटवर होते. त्यांच्या समितीने मॅकार्थीचे आरोप तपासून फेटाळले. १९५०च्या नोव्हेंबरमध्ये त्यांची निवडणूक होती. त्यांच्या विरोधात एक छोटं वर्तमानपत्र वाटण्यात आलं. त्यात फोटो होता: टायडिंग्ज आणि अमेरिकन कम्युनिस्ट पक्षाचा माजी प्रमुख अर्ल ब्राउडर, शेजारी शेजारी, गप्पा मारताना. फोटो खोटा होता. दोन वेगळे फोटो कापून जोडलेले. ते पत्रक तयार करण्यात मॅकार्थीच्या कार्यालयातल्या लोकांचा हात होता. टायडिंग्ज हरले.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मावशीच्या गळ्यातलं ते चिकटवलेलं उपरणं आठवलं. ७० वर्षांत कात्रीच्या जागी ॲप आलं, एवढाच फरक.

सिनेटच्या उपसमितीने या निवडणुकीची चौकशी केली. मार्गारेट त्या उपसमितीवर होती. अहवालात प्रचारावर कडक ताशेरे आले. पण निकाल बदलला नाही. आणि बाकीच्या सिनेटरांनी जो धडा घ्यायचा तो घेतला: मॅकार्थीच्या वाटेला गेलं की घरी बसावं लागतं.

सेनापतीसुद्धा वाकला

पक्षनिष्ठेचं सगळ्यात वाईट उदाहरण पुढे आहे. जॉर्ज मार्शल, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे लष्करप्रमुख, युद्धानंतर युरोप उभा करणाऱ्या मार्शल योजनेचे जनक. १९५१च्या जूनमध्ये मॅकार्थीने सिनेटमध्ये लांबलचक भाषण करून त्यांना देशाविरुद्धच्या कटात गोवलं. मार्शल हे ड्वाइट आयझेनहॉवर यांचे गुरुस्थानी. आयझेनहॉवरांना वर आणलं मार्शलनीच.

१९५२ साली आयझेनहॉवर रिपब्लिकन पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते. ३ ऑक्टोबरला मिलवॉकीत सभा, म्हणजे मॅकार्थीच्या राज्यात. भाषणात मार्शल यांच्या बचावाचा एक परिच्छेद लिहिलेला होता. पक्षाच्या लोकांनी समजावलं, विस्कॉन्सिन हातचं जाईल, उगाच कशाला. परिच्छेद गाळला गेला. पत्रकारांना ते कळलं आणि छापूनही आलं.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरवणारा माणूस! हिटलरसमोर न वाकलेला. आणि स्वतःच्या पक्षातल्या एका सिनेटरसमोर त्याने चार ओळी गिळल्या. म्हणून मी म्हणतो, शत्रूशी लढायला लागतं ते धैर्य वेगळं आणि आपल्या माणसाला ‘चुकतोयस’ म्हणायला लागतं ते वेगळं.

घडीची खुर्ची

आता वेन मोर्सकडे येऊ. स्वभावाने तिरसट, वकिलीचा प्राध्यापक, कुणाचं न ऐकणारा. १९५२च्या निवडणुकीत त्याला पक्षाचा जाहीरनामा आणि निक्सनची उमेदवारी पटली नाही. त्याने थेट पक्ष सोडला आणि अपक्ष झाला.

१९५३च्या जानेवारीत नवं सिनेट भरलं. रिपब्लिकन ४८, डेमोक्रॅट ४७, आणि मोर्स एक. सभागृहात मधल्या वाटेच्या एका बाजूला एक पक्ष, दुसऱ्या बाजूला दुसरा. अपक्षाने बसायचं कुठे? मोर्स घडीची खुर्ची घेऊन आला. मला जागा दिली नाही म्हणून मी माझी घेऊन आलो, म्हणाला.

लोक हसले. पण खरी गोष्ट खुर्चीची नव्हतीच. सिनेटचं काम चालतं समित्यांवर, आणि समित्यांवरच्या जागा वाटतात पक्ष. मोर्सला त्याच्या सैन्यदल आणि कामगार समित्यांवरच्या जागा गमवाव्या लागल्या. रिपब्लिकन म्हणाले तू आमचा नाहीस, डेमोक्रॅटांनीही आपल्या वाट्याची जागा सोडली नाही. लाखो मतदारांनी निवडून दिलेला माणूस कमी महत्त्वाच्या समित्यांवर जाऊन बसला. दोन वर्षं त्याने तग धरला. १९५५ साली तो डेमोक्रॅटिक पक्षात गेला, आणि लगेच त्याला परराष्ट्र समितीवर जागा मिळाली.

द्विपक्षीय पद्धतीबद्दल जे जाडजूड ग्रंथ सांगतात ते मला या खुर्चीत दिसतं. तुम्हाला बाहेर पडायला कुणी अडवत नाही. फक्त बाहेर खुर्ची नसते.

२२ विरुद्ध २२

रिपब्लिकन सत्तेत आल्यावर मॅकार्थी चौकशी समितीचा अध्यक्ष झाला. आता समन्स काढायचा अधिकारही हातात. सरकारी रेडिओ, परदेशातली अमेरिकन ग्रंथालयं, शेवटी सैन्यदल. १९५४च्या जानेवारीत गॅलपच्या पाहणीत ५० टक्के लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलत होते. फेब्रुवारीत त्याच्या समितीला पैसे द्यायचे की नाही यावर मतदान झालं. ८५ विरुद्ध १. तो एक म्हणजे आर्कान्सॉचे विल्यम फुलब्राइट. म्हणजे दोन्ही पक्षांचे जवळपास सगळे सिनेटर होकार देऊन मोकळे झाले.

एका जागेच्या बहुमताने माणसं काय थराला जातात त्याचं एक उदाहरण सांगतो, आणि हे जड आहे. वायोमिंगचे डेमोक्रॅटिक सिनेटर लेस्टर हंट मॅकार्थीचे टीकाकार होते. त्यांनी जागा सोडली असती तर तिथे रिपब्लिकन नेमला गेला असता. दोन रिपब्लिकन सिनेटरांनी त्यांच्या मुलाच्या एका जुन्या खटल्यावरून त्यांना धमकावल्याचं नंतर छापून आलं. जून १९५४मध्ये हंट यांनी सिनेटमधल्या आपल्या कार्यालयात आयुष्य संपवलं. यावर मला पुढे काही जोडायचं नाही.

त्याच वर्षी वारं फिरलं. मार्चमध्ये पत्रकार एडवर्ड मरो यांनी टीव्हीवर मॅकार्थीचीच भाषणं दाखवून त्याला उघडं पाडलं. एप्रिल ते जून सैन्यदलाबरोबरची सुनावणी टीव्हीवर थेट दिसली. लोकांनी पहिल्यांदा त्याची पद्धत तासन् तास पाहिली. ९ जूनला सैन्यदलाचे वकील जोसेफ वेल्च यांनी तुला जराही चाड उरली नाही का, असं त्याला सगळ्यांसमोर विचारलं. याच जूनमध्ये मेन राज्यात रिपब्लिकन पक्षांतर्गत निवडणूक होती. मार्गारेटविरुद्ध मॅकार्थीने आपला माणूस पाठीशी घातला होता. ती साधारण पाचास एक या फरकाने जिंकली.

२ डिसेंबर १९५४. मॅकार्थीच्या निषेधाचा ठराव मतदानाला आला. निकाल ६७ विरुद्ध २२. हा आकडा फोडून बघा, कारण इथेच सगळं आहे. हजर असलेले सगळे ४४ डेमोक्रॅट ठरावाच्या बाजूने. मोर्स, अपक्ष, एक मत. आणि रिपब्लिकन? २२ बाजूने, २२ विरोधात. बरोबर मधोमध. पक्षाचा सभागृह नेतासुद्धा विरोधातल्या २२ जणांत होता.

म्हणजे सगळं उघड झाल्यावर, देशाने टीव्हीवर पाहिल्यावरही, अर्धा पक्ष ‘आपलाच आहे’ म्हणत होता. पण उरलेला अर्धा हलला आणि खेळ संपला. मॅकार्थी सिनेटर राहिला, पण त्याचं कुणी ऐकेना. मे १९५७मध्ये वयाच्या ४८व्या वर्षी तो वारला.

मग शिकायचं काय?

मी हे सगळं वाचत असताना माझ्या डोक्यात एक हिशोब चालू होता. मॅकार्थीला डेमोक्रॅटांनी शिव्या घातल्या की त्याची ताकद वाढायची. ‘बघा, कसे चिडले!’ दोन पक्षांच्या खेळात समोरच्याची टीका मोजलीच जात नाही, ती गृहीत असते. जी मोजली जाते ती आपल्या बाजूची. गुंडाचं इंधन त्याच्या भक्तांपेक्षा त्याच्या बाजूच्या सभ्य माणसांच्या गप्प बसण्यात जास्त असतं. ते २२ जण १९५०मध्येच उठले असते तर? टायडिंग्जचा खोटा फोटो छापायची हिंमत झाली असती का?

पद्धत वाईट आहे हे खरं. तिचा राग येणंही बरोबर आहे. मोर्सची खुर्ची आठवली की मलाही येतो. आणि आपल्याकडे तर १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडून मत दिलं तर आमदारकी, खासदारकी जाऊ शकते. त्या २२ जणांना निदान मत देता आलं. पण मला जे टोचलं ते वेगळंच. माझ्यावर तर कुठलाच पक्षादेश नव्हता. माझी कुठली समिती जाणार नव्हती. एका फॅमिली ग्रुपवर एक वाक्य लिहायचं होतं.

या भागाची तयारी करताना मी मावशीला फोन केला. माफी मागितली. ती म्हणाली, “अरे, दादाचं मला काही वाटलं नाही, तो लहानपणापासून तसाच आहे. मी रात्रभर बघत होते की तुमच्यापैकी कोण काही लिहितंय का.” मग तिने विषय बदलला आणि जेवलास का विचारलं.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं. मावशीचा तो फोटो टाकणं चूक होतं आणि तेव्हा मी गप्प बसलो हीसुद्धा चूक होती. दोन मिनिटांत दादाचं उत्तर: “काय रे, तू पण त्यांचा झालास का?”

बघा, कसा नेमका प्रश्न! दोनच खोल्यांचं घर, एकातून निघालास म्हणजे दुसऱ्यात गेलास. मी लिहिलं, “नाही दादा. मत मी तू देतोस तिथेच देणार आहे. म्हणूनच मी बोलतोय.”

यावर कुणी काही बोललं नाही. एका काकांनी अंगठा टाकला, मग काढून घेतला. दुसऱ्या दिवशी एका वहिनीने मला वेगळा मेसेज करून ‘बरं केलंस’ लिहिलं. ग्रुपवर नाही, वेगळा. मावशी अजून ग्रुपवर परत आलेली नाही. मी तिला ॲड करायला निघालो होतो, ती म्हणाली राहू दे.

मार्गारेटच्या भाषणानंतर २२ जण उठायला साडेचार वर्षं लागली. आमच्या ग्रुपवर मोजणी सध्या दीडवर आहे. अंगठा काढून घेतलेले काका अर्धे धरले तर.

तुमच्या ग्रुपवर, हॉस्टेलवर, ऑफिसात असं काही झालं असेल, तुम्ही बोलला असाल किंवा माझ्यासारखे गप्प बसला असाल, तर व्हॉइस मेसेज पाठवा. नावं घेऊ नका, पक्षही सांगू नका, नुसती गोष्ट सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.